एज ऑफ एम्पायर्समधलं मेटलवर्किंग: २०० फूड, १२० गोल्ड आणि कोळसा शून्य

अख्ख्या गेमचे रिव्ह्यू लिहून लोक दमलेत, म्हणून मी फक्त एका बटणाचा लिहितोय. एज ऑफ एम्पायर्स, म्हणजे गाव वसवून फौज लढवायचा कॉम्प्युटर गेम, त्याचा पहिला भाग, १९९७ चा, ज्याची २०१८ ला डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे नव्याने सुधारलेली आवृत्ती आली आणि २०२३ ला रिटर्न ऑफ रोम नावाने तोच माल दुसऱ्या भागात आणून बसवला, त्यात ब्रॉन्झ एजला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या युगाला, पोचून स्टोरेज पिट नावाच्या कोठारावर क्लिक केलं की मेटलवर्किंग नावाचं बटण दिसतं. २०० फूड, १२० गोल्ड. दाबा, थोडं थांबा, समोरासमोर हाणामारी करणाऱ्या तुमच्या सगळ्या युनिटचा अटॅक दोनने वाढतो. विषय संपला. आणि तरी या गेममधली सगळ्यात पैसा वसूल खरेदी कुठली असं विचाराल तर मी हीच सांगीन, आणि सगळ्यात मोठा झोल कुठला विचाराल तर तोही हाच.

मी नाशकातल्या अंबडला हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे, म्हणजे दिवसभर पोलाद तापवा, विझवा, परत तापवा, त्यामुळे कुठल्या गेममध्ये कोणी धातूकाम म्हटलं की आपले कान लगेच टवकारतात. बाकी गेमर म्हणून मी काही फार मोठा नाही, घरी पुतण्याबरोबर लॅनवर खेळतो आणि तो मला बऱ्यापैकी धुतो.

तर आधी गेम म्हणून बघू. खालचे सगळे आकडे मूळ गेमचे आहेत. या गेममध्ये मार किती लागणार याचं गणित अगदी साधं, अटॅकमधून समोरच्याचं आर्मर वजा करायचं. शॉर्ट स्वॉर्ड्समनचा अटॅक ७. समोर हॉपलाइट, म्हणजे जड चिलखतातला भालेवाला, उभा आहे, त्याचं आर्मर ५ आणि हेल्थ १२०. म्हणजे आपला तलवारवाला एका घावात फक्त २ काढतो आणि एक हॉपलाइट पाडायला ६० घाव घालायला लागतात, तोपर्यंत तो कशाला जिवंत राहतोय. आता आधीच्या टूल एजमधलं, तसंच अधिक दोनचं टूलवर्किंग करून ठेवलेलं असेल, ते १०० फूडचं, तर ७ चे ९ होतात, एका घावाला ४, म्हणजे ३० घाव. त्यावर मेटलवर्किंग मारलं की ११, एका घावाला ६, म्हणजे २० घाव. कागदावर ‘अधिक दोन’ दिसतं पण प्रत्यक्षात दोन बटणांत ६० चे २० झाले ना भो! आणि उलट बाजूने बघा, हॉपलाइटचा अटॅक १७, तलवारवाल्याचं आर्मर १ आणि हेल्थ ६०, म्हणजे तो चार घावांत पाडतो. टूलवर्किंग केलं तरी चारच घाव लागतात, कारण १८ गुणिले तीन ५४ च होतात. मेटलवर्किंग आल्यावर २० गुणिले तीन बरोबर ६०, म्हणजे तीन घावांत काम तमाम. एकाच बटणाने गरीब युनिटला किती मिळतं आणि श्रीमंत युनिटला किती, हे ज्याने आकडे ठरवले त्याला खरंच मानलं. ३५ फूड आणि १५ गोल्डमध्ये येणाऱ्या पोराला या बटणाने जगण्याचं काहीतरी कारण मिळतं.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे त्याची वेळ. ब्रॉन्झ एजला यायला तुम्ही ८०० फूड घालवलेले असतात, खिसा रिकामा, आणि पुढे आयर्न एजला १००० फूड आणि ८०० गोल्ड लागणार आहेत. अशा वेळी २०० आणि १२० बाजूला काढायचे की नाही? काढले तर आत्ताची लढाई जिंकता पण आयर्न एज लांबते, नाही काढले तर समोरचा आधीच दारात येतो. पुतण्या दर वेळी ओरडतो, "काका, मेटलवर्किंग मारू का आधी शील्ड घेऊ?" आणि मी दर वेळी समोरच्याकडे काय आहे ते बघ म्हणतो, कारण समोर धनुष्यवाले असतील तर ब्रॉन्झ शील्ड आणि घोडे-भाले असतील तर मेटलवर्किंग. दोन्ही एकदम परवडतच नाही. पुढे आयर्न एजमध्ये मेटलर्जी येतं, ३०० फूड १८० गोल्डला अधिक तीन, पण तोपर्यंत लढाई बहुतेक कुठल्यातरी बाजूला कललेली असते, म्हणून माझ्या मते खरा खेळ मधल्याच बटणावर आहे.

आणि किंमत एकदाच द्यायची. मिसळीच्या दुकानात टेबलावर एकदा रस्सा सांगितला की पाच जण बसले काय आणि दहा बसले काय, तसं आहे, फौज पाच जणांची असो की पन्नास, २०० आणि १२० च. जे आधीच मैदानात लढतायत त्यांच्याही हातातल्या तलवारी तिथल्या तिथे सुधारतात. खेळायला मजा, पण इथूनच माझ्यातला भट्टीवाला जागा होतो.

कारण या गेममध्ये धातूच नाहीये. नीट बघा. साधनं चार, फूड, वुड, स्टोन, गोल्ड. तुम्ही ब्रॉन्झ एजमध्ये गेलात, पण अख्ख्या नकाशावर तांबं नाही, कथील नाही. आयर्न एजमध्ये गेलात, लोखंडाची खाण नाही. कांसं, म्हणजेच ब्रॉन्झ, हे ढोबळमानाने नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के कथील. नुसतं तांबं १०८५ अंशाला वितळतं, त्यात कथील पडलं की वितळायचं तापमान खाली येतं, ओतायला सोपं जातं आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा कडक होतं. तांबं बऱ्याच ठिकाणी सापडतं, कथील मात्र थोड्याच जागी, त्यामुळे त्या काळातल्या राजांची खरी डोकेदुखी कथील कुठून आणायचं ही होती. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून म्हणून जागा आहे, तिथे १९८२ मध्ये समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या शेवटाकडचं. त्यात साधारण दहा टन तांबं आणि एक टनाच्या आसपास कथील होतं. दहाला एक! म्हणजे जहाजात कांशाची रेसिपीच भरून निघाली होती. आणि गेममध्ये आपण त्याच भूमध्य समुद्रावर ट्रेड बोट फिरवतो आणि लाकूड देऊन सोनं घेऊन येतो.

इथे मी गेमला थोडी सूट देतो. गोल्ड म्हणजे खरं सोनं न धरता ‘बाहेरून विकत आणलेलं जे काय ते’ असं धरलं तर १२० गोल्ड हे कथिलाचे पैसे झाले आणि मग हिशोब बऱ्यापैकी बसतो. २०० फूडचंही तसंच. भट्टीवर राबणारी माणसं त्या वेळात शेती करत नाहीत, त्यांना कोणीतरी जेवायला घालायला लागतं. ते ज्याने ठरवलं त्याने बॅलन्ससाठीच ठरवलं असणार, पण लागू पडतं.

कथील कशाला म्हणतात हे आपल्या नाशकात सांगायची खरं तर गरज नाही, निदान जुन्या नाशकात तरी नाही. भांडी बाजाराकडे अजून कल्हई करणारे भेटतात. एकदा उभं राहून बघाच. पितळी पातेलं चिमट्यात धरून भट्टीवर फिरवतात, चांगलं तापलं की आत नवसागराची पूड टाकतात, भस्सकन पांढरा धूर निघतो आणि नाकात जातो, मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची, टेकवताक्षणी ती पाण्यासारखी होते कारण कथील २३२ अंशालाच वितळतं, आणि लगेच कापसाच्या बोळ्याने एका हाताने फिरवत अख्ख्या पातेल्याला आतून चांदीसारखा मुलामा. कापूस जरा उशिरा फिरला तर डाग राहतो, पातेलं जास्त तापलं तर कथील काळं पडतं. थर्मामीटर बिटर काही नाही, सगळं डोळ्यावर आणि हातावर. हे ‘मेटलवर्किंग’ कुठलं बटण दाबून येत नाही, आणि आलं तरी एका क्षणात गावातल्या सगळ्यांना तर मुळीच येत नाही.

तांबटांच्या कामात अजून एक गंमत आहे जी आमच्या शॉपमधल्या नवीन पोरांना सांगितली की खोटी वाटते. तांब्याचा पत्रा ठोकत गेलात की तो कडक होत जातो, अजून ठोकला तर तडकतो, म्हणून मध्ये मध्ये लालसर तापवून पाण्यात बुडवतात आणि तो परत मऊ होतो. आमच्याकडे ईएन८ नावाच्या पोलादाचा जॉब ८५० अंशाच्या आसपास तापवून टँकमध्ये सोडला की उलटं, काचेसारखा कडक होतो, इतका की नुसता तसाच वापरला तर ठोक्यात मोडेल, म्हणून परत टेंपर करायला, म्हणजे कमी आचेवर तापवून कडकपणा थोडा उतरवायला लागतो. लाल करा आणि विझवा, क्रिया तीच, तांबं मऊ पडतं आणि पोलाद कडक होतं. कांशाकडून लोखंडाकडे जाताना ज्या कारागिराच्या बापजाद्यांनी आयुष्यभर एक सवय लावून घेतली त्याला ती नव्या धातूसाठी उलटी शिकायला लागली असणार. गेममध्ये मेटलवर्किंगवरून मेटलर्जीकडे जायला बाण आहे, सरळ, आणि अधिक तीन.

बरं, आता माझी मुख्य तक्रार. कोळसा. मेटलवर्किंगच्या किमतीत लाकूड नाही म्हणजे काय राव! दगडी कोळसा फार नंतरचा, त्या काळात सगळं काम लोणारी कोळशावर, म्हणजे झाडं तोडून, रचून, मातीखाली अर्धवट हवेत जाळून केलेला कोळसा. आणि तो फक्त आच द्यायला लागत नाही. खनिजात धातूबरोबर ऑक्सिजन चिकटलेला असतो, तो ओढून घ्यायचं कामही कोळशाचाच वायू करतो. म्हणजे कोळसा नसेल तर भट्टी गार पडते आणि वर धातूही सुटत नाही. लोखंडाचं तर अजून अवघड, ते १५३८ अंशाला वितळतं, जुन्या भट्टीत तेवढं तापमान यायचंच नाही, त्यामुळे स्पंजसारखा गोळा निघायचा आणि तो परत परत तापवून, ठोकून ठोकून त्यातला मळ बाहेर काढायचा. दर तापवणीला परत कोळसा. म्हणजे जंगल खाणारा धंदा होता हा, आणि गेममध्ये जंगल आहे, ते तोडलं की कायमचं जातं, नकाशा हळूहळू बोडका होत जातो, सगळी सोय तयार आहे आणि त्यांनी ती इथे वापरलीच नाही.

माझं म्हणणं, फूडच्या जागी लाकूड लावा. १५० वुड, १२० गोल्ड. काय होईल? ब्रॉन्झ एजला लाकूड आधीच सगळ्यांना हवं असतं, शेत ७५ लाकडाचं, घर ३० चं, रथाला ६०, होडीला लाकूड. त्यात मेटलवर्किंग शिरलं की तलवार की शेत असा प्रश्न पडेल. जो नकाशात वाळवंटी कोपऱ्यात आलाय त्याला धातूकाम महाग पडेल, जो रानात आलाय त्याला स्वस्त. मला हा खेळ आत्तापेक्षा जास्त आवडेल. पुतण्याचं मत वेगळं आहे, तो म्हणतो तलवारवाले आधीच फारसं कोणी काढत नाही, हळू चालतात, त्यात लाकूड मागायला लागले तर कोणी ढुंकून बघणार नाही. त्याच्या म्हणण्यात दम आहे, पण मग त्यांना थोडं पळायला शिकवा, कोळसा कशाला फुकट?

युगं बदलायची पद्धतही मला खटकते, पण हा दोष या एकाच गेमचा नाही. टाऊन सेंटरवर क्लिक करून ८०० फूड दिले की ढोल वाजवल्यासारखं सगळं गाव एका क्षणात ब्रॉन्झ एजमध्ये. प्रत्यक्षात कसं होतं ते बघायला आपल्याला लांब जायला नको. १९५०-५१ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी दोन जागा खणल्या, एक आपल्या नाशकातली गोदावरीकाठची मातीची गढी आणि दुसरी संगमनेरजवळचं जोर्वे. जोर्व्याला तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि बांगडी सापडली, आणि त्याच लोकांच्या घरात रोजच्या कापाकापीला दगडाची बारीक पातीच होती. शेकडो वर्षं दोन्ही सोबत चाललं. गेमच्या भाषेत बोलायचं तर यांनी मेटलवर्किंग केलं होतं पण व्हिलेजरच्या, म्हणजे काम करणाऱ्या गावकऱ्याच्या, हातात टूल एजच होती, कारण धातू महाग आणि गारगोटी फुकट. तिकडेच प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये ओतीव धातूचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा असा ६० किलोच्या वरचा ऐवज सापडला, बघाल तर थक्क व्हाल, तेही लढाईचं सामान नाहीच. एवढा धातू घालून लोकांनी चाकांवरचे प्राणी केले, आणि आमच्या गेममध्ये मेटलवर्किंगचा उपयोग एकच, अधिक दोन अटॅक. भांडं नाही, घंटा नाही.

अजून एक छोटी कुरकुर. प्राचीन तुर्कस्तानातले हित्ती लोक या गेममध्ये आहेत, ज्यांचं नाव शाळेच्या पुस्तकापासून लोखंडाशी जोडलं जातं, आणि त्यांना फायदा कशात दिलाय तर धनुष्यबाणात आणि दगडफेक्या यंत्रात. लोखंडाचं काहीच नाही. बॅलन्ससाठी केलं असेल, पण हसू येतं.

दुसऱ्या भागात, १९९९ च्या, लोहाराला स्वतःची इमारत मिळाली आणि फोर्जिंग, आयर्न कास्टिंग, ब्लास्ट फर्नेस अशी तीन पायऱ्यांची चढण केली. दिसायला छान, घणाचा आवाजही छान, पण मला तिथे आवडलेली गोष्ट २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या त्याच्या जोडभागात आली. त्यात द्रविड लोकांना वूट्झ स्टील नावाचं खास संशोधन आहे. ते केलं की त्यांच्या पायदळाचा आणि घोडदळाचा घाव समोरच्याचं आर्मर मोजतच नाही. वर केलेलं गणित आठवा, वजाबाकीच बंद! हे पोलाद खरंच दक्षिणेतलं, तेलंगणातलं कोनसमुद्रम यासाठी नावाजलेलं, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि झाडपाला किंवा कोळसा घालून तासन्‌तास तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं, मग कार्बन दीड टक्क्याच्या आसपास जाऊन बसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ईएन८ मध्ये असतो त्याच्या तिप्पट-चौपट. त्याने चिलखत लोण्यासारखं कापलं जायचं हे काही खरं नाही, पण एका प्रदेशातल्या कारागिरांचं स्वतःचं असं तंत्र त्याच लोकांच्या नावावर दिलंय, सगळ्यांना सारखं अधिक दोन वाटलं नाहीये, म्हणून त्या बटणाला माझे पूर्ण मार्क. पहिल्या भागात तर भारतातलं कोणी नाहीच, बारा संस्कृती होत्या, नंतर चार वाढल्या, त्यातही नाही.

घ्यायचा का? तुमच्याकडे दुसऱ्या भागाची डेफिनिटिव्ह एडिशन आधीच असेल तर रिटर्न ऑफ रोम त्यावर घ्या, कारण त्यात माणसं शहाण्यासारखी चालतात. २०१८ च्या एडिशनमध्ये युनिट एकमेकांत अडकतात, पुलावर गर्दी करतात, ही तक्रार ती आली तेव्हापासून सगळीकडे आहे आणि ती रास्त आहे. पण जुन्या मोहिमा खेळायच्या असतील, इजिप्तपासून, तर ती एडिशन लागेल, कारण रिटर्न ऑफ रोम घेणाऱ्यांना मुख्यतः नवीन मोहिमा मिळतात. दोन्ही सेलमध्ये बऱ्यापैकी उतरतात, पूर्ण किमतीला घ्यायची घाई करू नका. जुना लॅपटॉप असेल तर आधी रॅम बघा. आणि घेतलाच तर ब्रॉन्झ एजला पोचल्यावर पहिले २०० फूड कुठे घालायचे ते समोरच्याची फौज बघून ठरवा, रथ आणि घोडे दिसले तर डोळे झाकून मेटलवर्किंग, आणि धनुष्यवाले दिसले तर शील्ड घ्या, मेटलवर्किंग नंतर.